गुडघ्याचा व्यायाम फोनवरून

भीमाशंकरच्या आसपासच्या वाड्यांतल्या आजींचे गुडघे चढउतार करून, हंडे वाहून आणि चिखलात भाताची आवणी करून झिजलेले असतात. "गुडघे गेले" म्हणून त्या बसून राहतात, नाहीतर बाजारच्या दिवशी दुखण्याच्या गोळ्या आणतात. या गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्या तर पोटात व्रण होऊ शकतात, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. बसून राहिल्याने मांडीचे स्नायू अशक्त होतात, मग सांध्यावर जास्त भार येतो आणि दुखणे वाढते. झिजलेली गादी व्यायामाने परत येत नाही. पण मांडीत बळ आले की उठबस सोपी होते.

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. आजींनी दर आठवड्याला घाट उतरून शहरात यायचे, हे होणारे नाही. म्हणून आशाताईंच्या मदतीने मी त्यांना फोनवर भेटते. फोनवर कसला उपचार, असे देणगीदारही विचारतात. ऑस्ट्रेलियात गुडघेदुखीच्या ३९४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. व्हिडिओवरून मार्गदर्शन घेतलेल्यांना प्रत्यक्ष भेटून घेतलेल्यांइतकाच फायदा झाला. तिथे नेटवर्क चांगले असणार, हे मान्य!

आपल्याकडे रेंज नसेल तेव्हा साधा कॉल पुरतो. आशाताई शेजारी बसून मोजतात. व्हिडिओ असला की सगळ्या आजी फोन तोंडासमोर धरतात. मला चेहरा नको, गुडघा हवा! म्हणून फोन बाजूला, पाटावर तांब्याला टेकवून ठेवायला सांगते.

पाय पसरून बसायचे, गुडघ्याखाली गोधडीची गुंडाळी ठेवून ती पाच आकडे म्हणेपर्यंत दाबायची. असे दहा वेळा. मग उताणे झोपून एक पाय दुमडायचा, दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलायचा. घरात खुर्ची नसते, म्हणून उठबस ओट्याच्या कडेवरून, हात न टेकता. हे सोपे झाले की घोट्याला अर्धा किलो भाताची पुरचुंडी बांधून पाय उचलायचा. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि बहुतेक जणी तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात. त्या वेळी माझा फोन जाणे व्यायामाइतकेच महत्त्वाचे असते.

"दुखलं तर थांबू का?" हा नेहमीचा प्रश्न. आजींना आण्यांचा हिशोब कळतो. सोळा आण्यांपैकी पाच-सहा आणे दुखले तर चालू ठेवा. दुसऱ्या सकाळपर्यंत उतरले नाही तर निम्मे करा. मात्र गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, अडकून बसला किंवा पडल्यावर पाय टेकवेना, तर फोनची वाट न पाहता घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय गाठावे.

आवणीच्या दिवसांत दुपारी कोणी घरी सापडत नाही, म्हणून फोन रात्री आठनंतर करावे लागतात. पुण्यातल्या ज्या फिजिओथेरपिस्टना आठवड्यातून असा एक तास देता येईल, त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे.