खुबा दुखतो, पण एक्स-रे नॉर्मल येतो तेव्हा

आपल्या मंडळाच्या ज्येष्ठांच्या बैठकीत गुडघ्याविषयी बोलायला दहा जण पुढे येतात. खुब्याविषयी कोणी बोलत नाही, कारण खुबा दुखतो आहे हेच बऱ्याचदा कळत नाही. कंबर धरली म्हणून आपण पाठीला बाम चोळतो, गुडघा दुखतो म्हणून गुडघ्याला पट्टा बांधतो, आणि मूळ दुखणे असते खुब्यात. या सांध्याची खरी वेदना बहुधा पुढच्या बाजूला, जांघेत येते. कधी ती मांडीतून थेट गुडघ्यापर्यंत उतरते. मांडी घालून बसताना, मोजा चढवायला पाय वर घेताना, रिक्षातून उतरताना कळ येते. कुल्ल्याच्या मागे दुखले की आपण ‘खुबा दुखतो’ म्हणतो, पण ते दुखणे पुष्कळदा कमरेच्या मणक्यातून आलेले असते.

आम्ही डॉक्टर नव्हे. बी.कॉम. करून बँकेत आयुष्य गेले. या विषयात शिरण्याचे कारण घरातलेच आहे. नात्यातल्या एका ३१ वर्षांच्या मुलीची जांघ दीड वर्ष दुखत होती. दोन ठिकाणी एक्स-रे काढला, दोन्हीकडे ‘नॉर्मल’ असा शेरा. एके ठिकाणी तर वजन उतरवा आणि मन रमवा, असे सांगून तिला परत पाठवले. मग आम्ही वाचायला घेतले, दोन-तीन डॉक्टरांना विचारले, आणि जे समजले ते इथे मांडत आहोत.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल, आणि ते कटीच्या हाडातल्या वाटीत बसते. चेंडूवर आणि वाटीच्या आत कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. बोलीत आपण त्याला ‘गादी’ म्हणतो, पण गादी म्हटल्यावर जी जाडी डोळ्यांसमोर येते तशी ती नसते. खुब्यातली कूर्चा जेमतेम दीड ते तीन मिलिमीटर असते. गुडघ्याच्या वाटीमागची याहून पुष्कळ जाड. एवढ्याशा थरावर आपले चालणे, जिना चढणे, उकिडवे बसणे सगळे चालते.

हा थर बराचसा पाण्याचा असतो, वजनाच्या सुमारे ६५ ते ८० टक्के. कोलॅजनच्या धाग्यांचे जाळे आणि त्या जाळ्यात अडकवलेले प्रोटिओग्लायकन नावाचे मोठे रेणू, अशी बाकीची रचना. या रेणूंवर ऋण विद्युतभार असतो आणि त्यामुळे ते पाणी धरून ठेवतात. पाऊल टाकले की दाबाने थोडे पाणी बाहेर येते, पाऊल उचलले की परत आत जाते. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि नसाही नाहीत. रक्तपुरवठा नाही म्हणून ती नीट भरून येत नाही, नसा नाहीत म्हणून ती झिजताना स्वतः ओरडत नाही. झिजलेली कूर्चा पुन्हा उगवत नाही, हे विल्यम हंटर या शल्यवैद्याने १७४३ साली लिहून ठेवले आहे. पावणेतीनशे वर्षांत त्यात फार फरक पडलेला नाही.

एक्स-रेत कूर्चा दिसत नाही. दिसतात ती हाडे, आणि दोन हाडांमधली काळी फट. ती फट म्हणजे कूर्चेची जागा. फट कमी झाली की कूर्चा झिजली, असा अंदाज बांधायचा. १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी सांध्याच्या झिजेच्या ज्या पायऱ्या ठरवल्या त्या आजही रिपोर्टात वापरतात, आणि त्या याच फटीवर व कडेला वाढलेल्या हाडाच्या टोकांवर आधारलेल्या आहेत. म्हणजे एक्स-रेने झीज दाखवेपर्यंत मुद्दलातला मोठा भाग गेलेला असतो.

बँकेतल्या मंडळींना हे पटकन समजेल. कर्जाचे खाते ९० दिवस थकले की ते अनुत्पादक, एनपीए. पण रिझर्व्ह बँकेने त्याच्या आधीच्या पायऱ्याही ठेवल्या आहेत. ३० दिवसांपर्यंत एसएमए शून्य, ६० पर्यंत एसएमए एक, ९० पर्यंत एसएमए दोन. खाते वाचवायचे तर ते या पायऱ्यांवरच वाचते. एक्स-रे आपल्याला एनपीएची यादी देतो. एसएमएची यादी हवी असेल तर एमआरआय लागतो, आणि तोही नेहमीचा पुरत नाही.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. मोठ्या चुंबकात शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनची केंद्रके एका दिशेने कलतात, रेडिओ लहरींनी त्यांना हलवायचे, आणि ती पूर्वस्थितीला येताना जो संदेश देतात त्यावरून चित्र तयार करायचे. ही चित्रपद्धत घडवणारे पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ चे नोबेल मिळाले. कूर्चा मुख्यतः पाण्याची असल्याने ती या यंत्रात दिसते.

तरी खुबा अवघड जातो. कूर्चा पातळ, पृष्ठभाग गोल, सांधा शरीरात खोलवर. त्यात चेंडूची कूर्चा आणि वाटीची कूर्चा एकमेकींना चिकटून असतात, त्यामुळे चित्रात दोन्ही मिळून एकच पट्टी दिसते. पोट, कटी आणि दोन्ही खुबे एकाच चित्रात घेणारा सर्वसाधारण एमआरआय काढला तर एवढासा दोष त्यात हरवतो. म्हणून एकाच खुब्यावर रोखलेली, पातळ कापांची तपासणी लागते, आणि शक्य तर ३ टेस्लाचे यंत्र. (आपल्याकडे बहुतेक ठिकाणी १.५ टेस्लाची यंत्रे असतात. ती वाईट नव्हेत, पण या कामाला ३ अधिक बरे.) काही ठिकाणी सांध्यात सुईने औषध सोडून चित्र काढतात, त्याला एमआर आर्थ्रोग्राम म्हणतात. औषधाने सांधा फुगतो, वाटीच्या कडेची लॅब्रम नावाची पाळ फाटली असेल तर त्या भेगेत औषध शिरते आणि ती उठून दिसते.

इथवर झाले ते कूर्चेला चीर, खड्डा, भोक पडले आहे का हे पाहणे. त्याच्याही आधी, पृष्ठभाग अजून सलग असताना, आतले प्रोटिओग्लायकन कमी व्हायला लागलेले असते. ते पकडायची युक्ती १९९० च्या दशकात बोस्टनमध्ये निघाली. आम्हाला ती फार आवडली. तिचे नाव डी-जेमरिक. गॅडोलिनियमचे एक ऋणभारित औषध हाताच्या शिरेतून देतात आणि रुग्णाला दहा-पंधरा मिनिटे चालायला लावतात, म्हणजे ते औषध सांध्यात झिरपते. अर्ध्या-पाऊण तासाने चित्र काढतात. निरोगी कूर्चेत स्वतःचा ऋणभार भरपूर असतो, म्हणून ती या औषधाला दूर सारते. जिथे ती आतून खंगली आहे तिथे विरोध कमी, औषध जास्त शिरते. यंत्र त्याचा आकडा देते. आकडा जितका खाली तितकी कूर्चा दुबळी. २००३ मध्ये बोस्टनच्याच डॉक्टरांनी उथळ वाटीच्या खुब्यांवर हे वापरले, तेव्हा हा आकडा रुग्णाच्या दुखण्याशी आणि वाटीच्या उथळपणाशी जुळला. एक्स-रेतली फट दोन्हींशी जुळली नाही.

औषध न देताही मोजायच्या पद्धती आहेत. टी-टू मॅपिंग कूर्चेतले पाणी आणि कोलॅजनच्या धाग्यांची ठेवण यांवरून बोलते. टी-वन-रो प्रोटिओग्लायकनचा अंदाज देते. यांतली बरीचशी अजून संशोधनाच्या आणि मोठ्या केंद्रांच्या हद्दीत आहेत. आपल्या गावच्या स्कॅन सेंटरात जाऊन ‘टी-वन-रो करा’ म्हटले तर समोरचा आपल्याकडे बघतच राहील.

एवढा खटाटोप कशासाठी, हे त्या मुलीच्या बाबतीत कळले. तिसऱ्या डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढलाच नाही. जुनीच फिल्म घेऊन पट्टीने कोन मोजला. चेंडूचा मध्य आणि वाटीची कड यांतला हा कोन, विबर्ग या स्वीडिश शल्यवैद्याने १९३९ मध्ये सांगितलेला. तो साधारण २५ अंशांहून जास्त हवा. २० च्या खाली असेल तर वाटी उथळ. तिचा १७ होता. आधीच्या दोघांनी फट पाहिली, ती ठीक होती, म्हणून नॉर्मल लिहिले. चेंडूवरचे छप्परच अपुरे होते, ते कोणी मोजले नाही.

अशा खुब्यासाठी रेनहोल्ड गँझ यांनी १९८४ मध्ये बर्न येथे एक शस्त्रक्रिया सुरू केली. वाटीभोवतीचे हाड कापून वाटी फिरवून चेंडूवर नीट बसवायची आणि स्क्रूने पक्की करायची. सांधा आपलाच राहतो. पण ती लाभते कूर्चा शिल्लक असेपर्यंत. कूर्चा आधीच गेली असेल तर एवढे मोठे ऑपरेशन सोसूनही दुखणे राहते, आणि मग कृत्रिम सांध्याचाच विचार करावा लागतो. तिशीत बसवलेला कृत्रिम सांधा जन्मभर पुरेल असे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. म्हणून तिच्या दृष्टीने प्रश्न एकच होता, कूर्चा किती उरली आहे. एकाच खुब्याचा ३ टेस्लावर एमआरआय झाला. पाळीला छोटी भेग निघाली, कूर्चा पुढच्या कडेला जराशी मऊ, बाकी शाबूत. आता तिचे घर दोन मतांत वाटले गेले आहे. सासूबाई म्हणतात, चालता येते आहे तोवर कशाला चिरफाड. डॉक्टर म्हणतात, वर्ष-सहा महिन्यांत ठरवा. आम्हाला डॉक्टरांचे पटते, पण पाय तिचा आहे.

यात एक जुनी गोष्ट सांगायला हवी. तान्ह्या बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट बांधण्याची आपल्याकडे हौस आहे. खुब्याच्या दृष्टीने ते वाईट. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास पाय सरळ बांधू नका अशी मोहीम देशभर चालवली, आणि जन्मजात म्हणवणारे खुबे निखळणे तिथे पुष्कळ घटले. दुपटे बांधायचे तर पाय बेडकासारखे हलू द्यावेत. कडेवर पाय फाकवून घेण्याची आपली पद्धत मात्र उत्तम आहे.

आता साठी उलटलेल्यांसाठी. आपल्यापैकी बहुतेकांना या तपासणीची गरज नाही. या वयात झीज असेल तर साधा, उभ्याने काढलेला एक्स-रे ती दाखवतो, आणि पुढचे उपचार त्यावरच ठरतात. हौसेने एमआरआय काढला तर काहीतरी निघतेच. २०१२ मध्ये खुबा अजिबात न दुखणाऱ्या ४५ जणांचे एमआरआय काढून पाहिले, त्यातल्या ६९ टक्क्यांच्या पाळीला भेग निघाली. एवढ्यांना टेबलावर घ्यायचे का? एक अपवाद आहे. फार दिवस स्टिरॉइड घेतलेले असतील किंवा दारू जास्त असेल आणि जांघ दुखू लागली, तर चेंडूच्या हाडाचाच रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. तो विकार कूर्चेचा नव्हे, पण सुरुवातीला तोही एक्स-रेत दिसत नाही आणि एमआरआयमध्ये दिसतो. तिथे थांबू नये.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर गॅडोलिनियमचे नाव निघताच ते सांगावे. मूत्रपिंड फार निकामी असेल तर काही प्रकारच्या गॅडोलिनियमने त्वचा आणि आतले अवयव घट्ट होण्याचा दुर्मिळ पण गंभीर विकार होतो. युरोपात २०१७ मध्ये यांतल्या बऱ्याच औषधांचा शिरेतून वापर थांबवला, आणि डी-जेमरिक मागे पडण्याचे तेही एक कारण. पेसमेकर असेल तर त्याचे कार्ड बरोबर न्यावे. तपासणी अर्धा-पाऊण तास चालते, आवाज मोठा असतो, कानात बोळे मागून घ्यावेत.

आणि चिठ्ठीवर ‘एमआरआय पेल्व्हिस’ एवढेच लिहिले असेल तर काउंटरवर पैसे भरण्याआधी डॉक्टरांना फोन करून विचारावे, की दोन्ही खुब्यांचे एकत्र चित्र हवे आहे की दुखणाऱ्या एकाच खुब्याचे. जुने एक्स-रे, अगदी पिवळ्या पडलेल्या पाकिटातलेसुद्धा, सोबत न्यावेत.