वाटेवरची सोबत : सायकलयात्रींसाठी रस्त्याकाठची सेवा

नाशिकहून पुण्याकडे येणाऱ्या महामार्गावर राजगुरुनगर मागे पडले की रस्त्याचे रूप पालटते. मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर, कंटेनर, पाळी बदलण्याच्या वेळी ओळीने धावणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या आणि चाकणच्या चौकांतील कोंडी यांतून सायकलस्वाराला मोशी-भोसरीपर्यंत यायचे असते. मागे दीड-दोनशे किलोमीटरचा प्रवास झालेला असतो, पाय जड झालेले असतात आणि बहुधा सांज कललेली असते. सबंध प्रवासातील सर्वांत अवघड टप्पा असा नेमका शेवटी येतो. मुंबईकडून येणाऱ्याची गतही फारशी निराळी नाही. द्रुतगती मार्गावर सायकलला मनाई असल्याने त्याला खंडाळा, लोणावळा, वडगाव, देहूरोड या जुन्या रस्त्यानेच निगडी गाठावी लागते. मोबाइलमधील नकाशा मोटारीसाठी लावलेला राहिला, तर तो त्याला भलत्याच रस्त्यावर नेऊन सोडतो.

अशा प्रवाशाला वाटेत भेटून पाणी देणे, सायकल दुरुस्त करून देणे, प्रसंगी रात्रीचा निवारा देणे ही एक वेगळ्या प्रकारची सेवा आहे. तिच्यासाठी मोठ्या निधीची किंवा इमारतीची गरज नसते. गरज असते ती नेमक्या जाणिवेची : काय द्यावे, केव्हा द्यावे आणि कोठे थांबावे.

जुन्या परंपरेची नवी शाखा

या परिसराला रस्त्याकाठची सेवा नवी नाही. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा देहू सोडल्यानंतरचा पहिला मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. त्या दिवशी औद्योगिक नगरीचे रस्ते वारकऱ्यांच्या स्वागताला उभे राहतात. कोणी पाणी वाटतो, कोणी पाय चेपून देतो, कोणी तुटलेली चप्पल शिवून देतो. पिंपरी-चिंचवडमधील इंडो अॅथलेटिक सोसायटी आणि नाशिकचे सायकलपटू यांनी पंढरपूरची सायकल वारीही रुजवली आहे. पायी वारी असो वा सायकलची, चालणाऱ्याइतकाच वाटेवर उभा राहणाराही तिच्यात सहभागी असतो.

आपल्या समाजाला याहून जवळचा दाखला विहारसेवेचा आहे. पहाटेच्या अंधारात साधू-साध्वी महामार्गाच्या कडेने पायी निघतात, तेव्हा प्रकाश परावर्तित करणारी जाकिटे घालून, हातात विजेरी घेऊन तरुण त्यांच्यासोबत चालतात. वाहनांच्या धडकेत साधू-साध्वींचे प्राण गेल्याच्या दुःखद घटनांनी या सेवेची निकड शिकवली. शास्त्रांनी वैयावृत्त्याची गणना आभ्यंतर तपात केली आहे. त्याचा मुख्य संदर्भ साधुसेवेचा असला, तरी श्रमलेल्या देहाची काळजी घेण्याची ती दृष्टी कोणत्याही वाटसरूच्या उपयोगी पडते.

मदतीच्या मर्यादा

सायकलस्वारांचे प्रकार निराळे, म्हणून मदतीचे नियमही निराळे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. अशा शर्यतीत स्वाराबरोबर मदतनिसांचे पथक आणि वाहने असतात. स्वाराने केव्हा खावे, केव्हा झोपावे, हेही पथकच ठरवते.

ब्रेव्हे या प्रकारात याच्या अगदी उलट असते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत, अशा मुदतीच्या या फेऱ्यांत ठरलेल्या नियंत्रण-केंद्राखेरीज वाटेत स्वतःच्या माणसांची मदत घेता येत नाही. अशा स्वाराच्या मागे आपुलकीने गाडी नेणाऱ्या नातलगामुळे त्याची सारी मेहनत बाद ठरू शकते.

तिसरा असतो एकटा भ्रमंती करणारा. त्याच्यासोबत पथक नसते आणि त्याच्यावर नियमांचे बंधनही नसते. रस्त्याकाठच्या सेवेची खरी गरज त्याला असते. तरीही त्याला आधी विचारावे. “थांबता का? काही हवे आहे का?” एवढे पुरे. त्याने नकार दिला, तर शुभेच्छा देऊन वाट मोकळी करावी.

फ्रान्समधील पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरची फेरी १८९१ मध्ये सुरू झाली आणि आता दर चार वर्षांनी होते. तिच्या वाटेवरील गावकरी घरासमोर मेज मांडून रात्रभर कॉफी आणि खाद्यपदार्थ देतात. एका कुटुंबाने याच्या मोबदल्यात केवळ घरी पोहोचल्यावर एक पोस्टकार्ड पाठवण्याची विनंती करण्याचा प्रघात पाडला.

हाताला हवे ते ज्ञान

फिटर, टर्नर आणि वेल्डर यांच्या या वसाहतीत सायकल दुरुस्त करणारे हात भरपूर आहेत. अडचण येते ती लहानसहान गोष्टींची. लांबच्या प्रवासाच्या अनेक सायकलींच्या ट्यूबला निमुळता ‘प्रेस्टा’ व्हॉल्व्ह असतो. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा हवेचा पाइप त्यावर बसत नाही. अंगठ्याच्या पेराएवढे पितळी अडॅप्टर जवळ असले, की हा प्रश्न मिटतो. ट्रकचे टायर फुटल्यावर त्यांतील बारीक पोलादी तारा रस्त्याच्या कडेला पसरतात आणि सायकलच्या टायरमध्ये रुततात. म्हणून नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. जेथे कापूस अडकेल तेथे तार असते. ती न काढता ट्यूब बदलली, तर चार किलोमीटरवर पुन्हा पंक्चर ठरलेलेच.

देहाची दुरुस्ती अधिक नाजूक असते. घामावाटे पाण्याबरोबर क्षारही जातात. तासन्तास नुसते पाणीच पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटते; डोके दुखते, मळमळते, बोलण्यात गोंधळ होतो. पाहणारा त्यालाच पाण्याची कमतरता समजून आणखी पाणी पाजतो आणि धोका वाढवतो. म्हणून पाण्याबरोबर ओआरएस ठेवावे. ते नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून पेय करावे. बोलणे असंबद्ध होत असेल, तर उपचार करीत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अंग तापलेले असेल, तर ती येईपर्यंत सावलीत नेऊन ओल्या कापडाने गार करावे. खाण्यासाठी केळी, खाकरा, दशम्या, गूळ-शेंगदाण्याचे लाडू हे घरचेच पदार्थ उत्तम. जैन घरांत नित्य असणारे उकळलेले पाणी परदेशी पाहुण्याला विशेष मोलाचे वाटते, कारण अनोळखी पाण्याची त्याला धास्ती असते.

सेवकाची सुरक्षा

मदत करायला गेलेला स्वतःच वाहनाखाली सापडू नये, ही पहिली अट. उड्डाणपुलावर, वळणावर किंवा पुलाच्या तोंडाशी कधीही थांबू नये. पेट्रोलपंप किंवा ढाब्याचे मोकळे आवार निवडावे. जाकीट आणि मागचा लाल दिवा अनिवार्य समजावा. चाकणच्या रस्त्यावर सायकलमागे संथ गाडी चालवणे संरक्षणाचे वाटले, तरी मागून येणाऱ्या ट्रेलरला ते अडथळा ठरते. मध्यरात्रीनंतर डोळ्यांवर झापड आलेल्या स्वाराला “थोडेच राहिले” म्हणून पुढे रेटू नये. सुरक्षित जागी वीस मिनिटांची झोप घेऊ द्यावी. अपघात दिसल्यास मदतीला कचरू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ सद्हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण देते. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांकही आहे.

परदेशी प्रवाशाला घरी मुक्काम दिल्यास २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवणे यजमानाचे कर्तव्य आहे. पारपत्र व व्हिसाची प्रत मागताना संकोच करू नये. अनुभवी प्रवाशाला हा नियम ठाऊक असतो.

निगडी, आकुर्डी, चिंचवड, भोसरी, चाकण येथील चार-पाच कुटुंबांनी मिळून एक पिशवी तयार ठेवली, तरी आरंभ होऊ शकतो : पंप, अडॅप्टर, ठिगळांचा संच, ओआरएसची पाकिटे, दोन जाकिटे आणि एक दिवा. घरातील तरुणांनी पंक्चर काढणे शिकावे, वडीलधाऱ्यांनी फोन सांभाळावा. एखाद्या सांजवेळी कडेला सायकल आडवी टाकून बसलेला अनोळखी मनुष्य दिसेल, तेव्हा ती पिशवी घेऊन कोणी निघाले, म्हणजे तिचे सार्थक झाले.