बाईकला साधं ऑइल टाकावं की सिंथेटिक? सातारा-सांगलीच्या रस्त्यांवरचा हिशोब

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की मेकॅनिक हमखास विचारतो, "साधं टाकू का सिंथेटिक?" बरेच जण एकतर "स्वस्तातलं टाक" म्हणतात, नाहीतर "भारीतलं टाक". ही दोन्ही उत्तरं अंदाजाने दिलेली असतात. मी साताऱ्यात राहतो आणि कामासाठी कराड, पेठ नाका, आष्टा करत सांगलीला जाणं-येणं चालू असतं. आपल्या भागात बाईक म्हणजे अनेकांचं पोट आहे. दूधवाले, एमआर, शिक्षक, कुरिअरवाले यांची गाडी आठ दिवस इंजिनकामाला उभी राहिली तर कमाईच थांबते. म्हणून हा हिशोब आज नीट मांडू.

दोन्हींत फरक काय?

कोणतंही इंजिन ऑइल म्हणजे मूळ तेल आणि त्यात मिसळलेली रसायने (ॲडिटिव्ह). साध्या, म्हणजे मिनरल ऑइलचं मूळ तेल कच्च्या तेलापासून शुद्ध करून काढतात. त्यातले रेणू लहान-मोठे, मिश्र असतात. सिंथेटिकमध्ये हे रेणू रासायनिक प्रक्रियेने बरेचसे एकसारखे केलेले असतात. त्यामुळे उष्णतेत ते कमी उडून जातं, उशिरा खराब होतं आणि पातळ-घट्टपणा जास्त काळ टिकवतं. सेमी-सिंथेटिक म्हणजे दोन्हींचं मिश्रण, पण त्यात सिंथेटिक किती टक्के हे डब्यावर सहसा लिहिलेलं नसतं.

आणखी एक गंमत. 'फुल सिंथेटिक' लिहिलेली सगळी ऑइल एकाच प्रकारची नसतात. कच्च्या तेलावरच खूप जास्त प्रक्रिया करून बनवलेल्या तेलालाही सिंथेटिक म्हणतात. १९९९ साली अमेरिकेत यावरून दोन मोठ्या ऑइल कंपन्यांचा वाद झाला आणि असं तेल सिंथेटिक म्हणून विकायला हरकत नाही, असा निर्णय आला. म्हणून नुसत्या त्या शब्दावर जाऊ नका.

डब्यावर आधी हे वाचा

पहिलं, ग्रेड. स्प्लेंडरसारख्या १०० सीसी गाडीला १०डब्ल्यू-३० लागतं, रॉयल एनफिल्डच्या बऱ्याच ३५० सीसी गाड्यांना १५डब्ल्यू-५०. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा १०० अंश सेल्सिअसच्या आसपासचा. "आपल्याकडे ऊन लई, घट्ट ऑइल टाका" हा सल्ला ऐकून १०डब्ल्यू-३० च्या गाडीत २०डब्ल्यू-५० ओतलं, तर इंजिन जड चालतं आणि ॲव्हरेज पडतं. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड छापलाय तोच घ्या.

दुसरं, जासो. ही जपानी मानकं आहेत. कारमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स वेगवेगळे असतात. बहुतेक मोटारसायकलींत मात्र एकच लिटरभर ऑइल तिन्हींना पुरतं आणि क्लचप्लेटा त्यातच बुडालेल्या असतात. म्हणून मोटारसायकलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असायला हवं. एमबी हे जास्त निसरडं ऑइल गिअर नसलेल्या स्कूटरसाठी असतं. "सिंथेटिक टाकलं की क्लच स्लिप होतो" असं बरेच जण म्हणतात. क्लच स्लिप करतो तो कारच्या ऑइलमधला निसरडेपणा वाढवणारा पदार्थ. सिंथेटिक एमए ऑइलने असं होत नाही.

आपल्याकडे ऑइलची परीक्षा कुठे होते?

जाहिरातीत सिंथेटिकचं कौतुक थंडीत पटकन स्टार्ट होण्यासाठी केलेलं असतं. १०डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे २५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दवबिंदू गोठले तरी बातमी होते. म्हणजे हा फायदा आपल्यासाठी किरकोळ आहे.

आपली परीक्षा उष्णतेची. बहुतेक बाईक एअर-कूल्ड, समोरून वारा लागला तरच इंजिन गार राहतं. डबल सीट पसरणी किंवा यवतेश्वर घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढताना वारा कमी आणि ताण जास्त. हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे अडकलात तरी तेच. मे महिन्यात जत, आटपाडी, माण, खटावकडे पारा चाळिशीला टेकतो, वर धूळ. अशा ठिकाणी रोज तासन् तास चालणाऱ्या गाडीत सिंथेटिक खरोखर जास्त टिकतं. पण धूळ अडवणं हे एअर फिल्टरचं काम. फिल्टर तुंबलेला किंवा फाटलेला असेल तर हजाराचं ऑइलही काही करू शकत नाही.

पैशाचा हिशोब

सोपे आकडे धरू. साधं ऑइल ४०० रुपये, सिंथेटिक ९०० रुपये, गाडी वर्षाला १२,००० किलोमीटर.

- साधं, दर ३,००० ला बदललं: ४ वेळा, १,६०० रुपये.
- सिंथेटिक, दर ६,००० ला बदललं: २ वेळा, १,८०० रुपये.
- सिंथेटिक, पण दर ३,००० ला बदललं: ४ वेळा, ३,६०० रुपये.

पहिल्या दोन्हींत वर्षाला फक्त २०० रुपयांचा फरक आहे. खरं नुकसान तिसऱ्यात. भारी ऑइल टाकून सवयीने लवकर काढून टाकलं, तर २,००० रुपये नाल्यात. म्हणजे सिंथेटिक परवडतं ते पूर्ण वापरलं तरच. मात्र मॅन्युअलमध्ये दिलेली मर्यादा, मग ती किलोमीटरची असो वा महिन्यांची, सिंथेटिक आहे म्हणून ओलांडू नका. वॉरंटीतल्या गाडीचा तर प्रश्नच नाही.

मग कोणी काय टाकावं?

रोज ६०-८० किलोमीटर हायवे किंवा घाट असेल, गाडीचं इंजिन ठणठणीत असेल आणि मॅन्युअलची मुदत लांबची असेल, तर सिंथेटिक घ्या.

शहरातल्या शहरात रोज पाच-सात किलोमीटर फिरणाऱ्यांनी साधं टाकलं तरी चालतं. पण इथे किलोमीटर मोजत बसू नका. इंजिन पूर्ण तापतच नाही, त्यामुळे ऑइलमध्ये ओलावा आणि थोडं पेट्रोल साठत जातं. म्हणून महिन्यांची मुदत पाळा.

गाडी जुनी असेल, ऑइल खात असेल, निळसर धूर मारत असेल, तर महाग ऑइल जाळण्यात अर्थ नाही. योग्य ग्रेडचं साधं टाका, दर आठवड्याला लेव्हल बघा आणि रिंग-पिस्टनच्या कामासाठी पैसे बाजूला ठेवा.

काही ताकदवान गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये सिंथेटिकच सांगितलेलं असतं. तिथे काटकसर नको.

पुरात बुडालेली गाडी

सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. २००५, २०१९, २०२१ च्या पुरात कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. अशा गाडीला किक किंवा सेल्फ मारू नका. आधी ऑइल काढा. ते दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. प्लग काढून, सिलिंडर कोरडा करून, योग्य ग्रेडचं साधं ऑइल टाकून इंजिन थोडा वेळ चालवायचं आणि ते ऑइलही काढून टाकायचं. गरज पडली तर पुन्हा एकदा. इथे साधं ऑइलच शहाणपणाचं, कारण ते फेकायचंच असतं.

दोन शंका

ऑइल काळं पडलं म्हणजे संपलं का? नाही. त्यातली रसायने काजळी धरून ठेवतात, म्हणून रंग बदलतो. सिंथेटिकवरून पुन्हा साध्यावर येता येतं का? येतं. ग्रेड आणि जासो तोच ठेवा, बदलण्याची मुदत मात्र साध्या ऑइलची पाळा.

शेवटी एक सांगतो. इंजिन ऑइलच्या प्रकारापेक्षा ऑइल कमी पडल्याने जास्त खराब होतात. लिटरभर ऑइलात ३०० मिली कमी झालं तर जवळपास तिसरा हिस्सा गेला. म्हणून सपाट जागेवर, मेन स्टँडवर, इंजिन थोडं चालवून बंद करा, काही मिनिटं थांबा आणि डिपस्टिक किंवा काच बघा. बऱ्याच गाड्यांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते, मॅन्युअलमध्ये चित्र दिलेलं असतं. या कामाला दोन मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत, आणि साधं असो की सिंथेटिक, दोन्हींना हे लागू आहे.