अजून वार आलेला नाही

आमच्या घरखर्चाच्या वहीच्या शेवटच्या पानावर पाच-पाच रेघांचे जुडगे मांडून केलेला एक हिशेब आहे. बेरीज १४३. सौ.ला वाटले, मे महिन्यात पाडेल्याने उतरवलेले नारळ असावेत. पण आमच्या वाडीतून आता महिन्याला एवढे नारळ निघत नाहीत, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक. तिने विचारले, "अहो, हे एकशे त्रेचाळीस कसले?"

मी म्हणालो, "तेवढ्या वेळा मेलो मी."

"बरं," ती म्हणाली, "चहा ठेवू का?"

दहावीची परीक्षा देऊन आमचा नातू ठाण्याहून नागावला सुट्टीला आला, तेव्हा त्याच्या पिशवीत कपडे कमी आणि तारा जास्त होत्या. तासाभरात माजघरातल्या टीव्हीला त्याचे ते प्लेस्टेशन जोडले गेले आणि ज्या पडद्यावर आम्ही संध्याकाळच्या बातम्या बघायचो, तिथे शिंगे असलेला एक धिप्पाड म्हातारा काठी घेऊन उभा राहिला. दोन दिवस मी वर्तमानपत्राआडून बघत होतो. तिसऱ्या दिवशी न राहवून विचारले, "हा कोण रे?" मी कादंबऱ्या लिहितो. राक्षस कुठलाही असो, त्याची चौकशी करायची खोड जात नाही.

नातवाला बाप सोडायला आला नव्हता. त्याला एसटीत बसवून दिले होते. आमचे चिरंजीव आणि मी यांच्यात भांडण असे नाही. फोनवर तब्येत, पाऊस आणि गॅसचा नंबर एवढे बोलणे होते. पण ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूडपासून आमच्या नागाव-अक्षीपर्यंत वाड्या झोपल्या. आमच्या पोफळी तर काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा एकमेकींवर पडल्या होत्या. सुपारी नव्याने लावली तर धरायला सहा-सात वर्षे जातात. माणसाचे वय त्या हिशेबात धरावेच लागते. पुढे वाट मोकळी झाल्यावर चिरंजीव आले, सगळी वाडी फिरले आणि पडवीत बसून म्हणाले, "बाबा, वाडीचं आता..."

"माझ्या जिवंतपणी विकायची नाही," मी म्हणालो.

तो गप्प झाला. त्याच्या वाक्याचा उरलेला भाग काय होता, हे मला कधी कळलेच नाही. विचारायचे धाडस झाले नाही, असे म्हणणे जास्त खरे. ही खोड जुनी आहे. बँकेत असताना शेतकरी समोर उभा राहून "साहेब, कर्जाचं..." एवढे म्हणाला, की मी नियम सांगायला सुरुवात करीत असे. कित्येकदा त्याला कर्ज फेडायचे असायचे.

असो. राक्षसाकडे वळू.

नातवाने आधी मला सोपा म्हणून 'राजी' नावाचा खेळ दिला. तो पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या कंपनीने केलेला आहे, २०२० साली आला. आपल्या भावाला शोधत निघालेली मुलगी, राजस्थानी वळणाचे महाल, आपले देव आणि असुर. मला आवडला. पण त्यात अंगावर कोणी आले, की उडी मारून, गिरकी घेऊन निसटता येते. नातू म्हणाला, "आजोबा, पळता येतं तुम्हाला. आता उभं राहून बघा."

तर 'एल्डन रिंग'. तोक्योच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा हा खेळ फेब्रुवारी २०२२ मध्ये जगभर आला. त्याचे कर्ते हिदेताका मियाझाकी. हे गृहस्थ आधी ओरॅकलसारख्या संगणक कंपनीत नोकरीला होते आणि एकोणतिसाव्या वर्षी ती सोडून, कमी पगारावर, खेळ करायला गेले. पुढे त्याच कंपनीचे अध्यक्ष झाले. हे ऐकून मला थोडे वाईट वाटले. मी माझी पहिली कादंबरी बँकेच्या नोकरीतच, रात्री दहानंतर लिहिली आणि नोकरी मात्र वयाची साठी होईपर्यंत सोडली नाही.

खेळात आपण एका पडक्या, सोनेरी उजेडाच्या मुलखात हिंडतो. पुढे एक मोठा किल्ला आहे आणि त्याच्या वाटेवर हा मार्गिट उभा. फाटकी घोंगडी पांघरलेला, हातात वाकडी काठी. त्याला चुकवता येते, ढालीवर त्याचे घाव झेलता येतात. तिसरा उपाय म्हणजे ज्याला ही मुले 'पॅरी' म्हणतात तो. झेलणे आणि परतवणे यांत फरक आहे. झेलताना ढाल पुढे धरून सोसायचे; दम संपला की ढाल बाजूला होते आणि मग खैर नाही. परतवताना मात्र घाव येतो त्याच क्षणी लहान ढाल आडवी फिरवून त्याचे हत्यार झटकून टाकायचे. जमले तर खणकन आवाज होतो आणि समोरचा तोल जाऊन उघडा पडतो. चुकले, तर तुम्हीच हात बाजूला करून छाती पुढे केलेली असते.

गंमत म्हणजे ढाल जितकी मोठी तितके हे अवघड. सगळ्यात मोठ्या ढालींना परतवणे येतच नाही. त्यांनी फक्त सोसायचे. लहानशी थाळीएवढी ढाल मात्र परतवायला सर्वांत सोयीची. हे कळल्यावर मला एकदम आमच्या शाळेची व्यायामशाळा आठवली. तिथे एक मास्तर आम्हांला फरीगदगा शिकवायचे. फरी म्हणजे चामड्याची छोटी गोल ढाल आणि गदगा म्हणजे चामड्याने मढवलेली काठी. तलवारीचा हात बसावा म्हणून करायचा खेळ. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले, त्या पिढीला असल्या विद्यांची फार आस्था होती. आमच्या पिढीला नव्हती. मी मास्तरांचे चार महिने खाल्ले आणि सोडून दिले. पण त्यांचे एक बोलणे डोक्यात राहिले होते. गदगा उगारला, की आम्ही पोरे गदग्याच्या टोकाकडे बघायचो आणि मार खायचो. मास्तर ओरडायचे, "काठी कसली बघतोस? खांदा बघ!"

पहिले सहा-सात दिवस मी काठीच बघत होतो. मार्गिटने हात उचलला, की माझी डावी तर्जनी एल-२ नावाच्या बटणावर पडायची. आणि तो काय करायचा? काठी उंच उचलून तशीच धरून ठेवायचा. माझी ढाल फिरून जागेवर यायची, तेव्हा हा सावकाश, जणू टपाल टाकतो आहे अशा निर्विकारपणे, काठी खाली आणायचा. आणखी एक रेघ वहीत.

"थांबा आजोबा, अजून वार आलेला नाही!" नातू कळवळून म्हणायचा.

"मग हात का उचलला त्याने?"

"तुम्ही घाबरावं म्हणून."

मी वयाला दोष दिला. नातवाने तो मान्य केला नाही आणि त्याचे म्हणणे हिशेबाने पटले. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे येतात. परतवण्याची संधी त्यांतल्या मोजक्याच चित्रांपुरती. डोळ्याने पाहून बोट हलवायला तरण्याताठ्या माणसालाही साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे पंधरा चित्रे. शिवाय बटण दाबल्याबरोबर ढाल जागेवर पोचत नाही, तिलाही फिरायला वेळ लागतो. म्हणजे काठी खाली येताना पाहून दाबणाऱ्याला पोरासोरांचे चपळ बोटही वाचवू शकत नाही. दाबावे लागते ते आधी. आणि कधी ते कळावे लागते. गावसकर ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडून द्यायचे, तेव्हा तो चेंडू कुठे जाणार हे त्यांनी गोलंदाजाच्या हातातच वाचलेले असायचे. आपण मात्र टीव्हीसमोर बसून "खेळला का नाही?" म्हणायचो.

टीव्हीवरून आठवले. नव्या टीव्हीत चित्र सुंदर करण्याच्या नादात ते किंचित उशिरा दिसते. त्यातल्या 'गेम मोड' नावाच्या सोयीने हा उशीर कमी होतो. तिसऱ्या दिवशी नातवाने ती सुरू केली. त्याआधीच्या मरणांचा थोडा दोष टीव्हीवर टाकायला माझी हरकत नाही.

मग आम्ही मार्गिटला सोडून मुळाक्षरांपासून सुरुवात केली. खेळात सुरुवातीलाच एका पडक्या वस्तीत साधे शिपाई हिंडत असतात. नातवाने मला त्यांच्यासमोर उभे केले. अट अशी, की तलवार चालवायची नाही. फक्त बघायचे. एकेक शिपाई हात कसा मागे नेतो, पाय कुठे टाकतो, तलवार निघण्याआधी खांदा किती फिरतो. मी मरत होतो, पण बघत होतो. बँकेत नवीन पोरे नोटा मोजायला बसत, तेव्हा घाईने मोजणाऱ्याची गड्डी हमखास चुकायची. जुने रोखपाल सावकाश वाटायचे, पण अंगठ्याचा ताल सुटायचा नाही आणि शंभराची गड्डी त्यांचीच आधी संपायची. मी शिपायांचे वार त्या तालावर मोजू लागलो. बाराव्या दिवशी दुपारी पहिल्यांदा तो खणकन आवाज झाला. शिपाई लडखडत मागे गेला. मी इतका चकित झालो, की पुढे त्याला मारायचे विसरलो. त्याने सावरून मला मारले.

त्या संध्याकाळी मी नातवाला अलिबागला कुलाबा किल्ल्यावर नेले. किनाऱ्यावरून किल्ला हाकेच्या अंतरावर दिसतो आणि ओहोटीला चालत जाता येते. त्याने खिशातून फोन काढून ओहोटीची वेळ बघायला घेतली. मी म्हटले, "तिथी सांग. तिथीची पाऊणपट कर." आपल्या किनाऱ्याचा हा जुना ढोबळ हिशेब. अष्टमी असली, की आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. त्यानंतर सहाएक तासांनी पूर्ण ओहोटी. त्याने हिशेब केला, फोनवर पडताळला आणि थोड्याच मिनिटांचा फरक निघाला. पाणी अजून पिंडरीपर्यंत होते. मुंबईची काही मंडळी पँटा वर करून घुसत होती आणि घोडागाडीवाले त्यांना ओरडत होते. आम्ही वाळूत बसलो. मला तिथे पाऊण तास बसवत नाही, हे घरच्या सगळ्यांना माहीत आहे. नातवानेही ते पाहिले आणि काही बोलला नाही. पाणी घोट्याखाली आल्यावर उठलो.

एकोणिसाव्या दिवशी मार्गिटने काठी उंच धरली. मी काठी बघितली नाही. खांदा तसाच होता. माझे बोट बटणावर होते आणि ते तिथेच ठेवायला जितकी ताकद लागली, तितकी बँकेत संपाच्या दिवसांत शाखेचे दार उघडायलाही लागली नव्हती. मग खांदा हलला, मी दाबले आणि काठी बाजूला उडाली. नातू पलंगावर उभा राहिला. सौ. स्वयंपाकघरातून पळीसकट बाहेर आली. तो एका परतवण्यात हरत नाही. त्याचे उड्या मारून येणारे वार तर परतवायचे नसतातच, तिथे मुकाट्याने बाजूला व्हायचे असते. तो पडला आणखी दोन दिवसांनी. वहीत त्यानंतर रेघ नाही.

गणपतीला चिरंजीव आले. आमचा गणपती दीड दिवसाचा. विसर्जन करून समुद्रावरून परत आलो, पाय धुतले, पडवीत बसलो. नातू दाराच्या चौकटीला टेकून फोनमध्ये डोके घालून उभा होता. चिरंजीव वाडीकडे बघत होते. वादळानंतर मी लावलेल्या रोपांपैकी निम्मी जगली आहेत, काही छातीएवढी झाली आहेत. मधल्या जागेत रान माजले आहे.

"बाबा, वाडीचं आता..." तो म्हणाला आणि थांबला.

माझे उत्तर तयार होते. शब्दसुद्धा तेच होते. डाव्या हाताची तर्जनी खुर्चीच्या हातावर आपोआप दाबली गेली होती, हे मला नंतर लक्षात आले. मी त्याच्या तोंडाकडे न बघता खांद्यांकडे बघितले. ते पडलेले होते. हल्ली त्याचे केसही कानापाशी पांढरे झाले आहेत. तो बराच वेळ काही बोलला नाही. दाराशी नातवाचा अंगठा फोनवर थांबला होता.

"मागची अर्धी काढावी असं माझ्या मनात आहे," तो अखेर म्हणाला. "विहिरीपलीकडची. त्या पैशात पुढच्या अर्धीत पोफळी पुन्हा लावू, पंप बदलू. सगळी तुमच्याच्यानं होत नाही, आणि मला ठाण्याहून महिन्यातून एकदाच येता येईल. तेव्हाही मी हेच सांगत होतो."

विहिरीपलीकडची जागा माझ्या आजोबांनी घेतलेली. ती काढायची ही गोष्ट मला त्या रात्री पटली नाही, आजही पुरती पटलेली नाही. रोपाला काय पडते, पंपाला काय, मजुरी किती, हे मी त्याला विचारले. त्याने फोनवर काही आकडे दाखवले. मजुरीचा आकडा त्याने फार कमी धरला होता. मी ते सांगितले, तो म्हणाला, "मग तुम्हीच मांडा."

मी उठून घरखर्चाची वही आणली. शेवटचे पान सोडून मधले एक कोरे पान काढले आणि सौ.ने दिवा लावला.