रिपोर्टमध्ये 'बल्की युटेरस' लिहिलंय? पिशवीची सूज आणि ॲडेनोमायोसिस यांचा नेमका संबंध काय?

पाळीत खूप अंगावरून जातंय, ओटीपोट आणि कंबर दुखतेय म्हणून सोनोग्राफी केली की अनेक जणींच्या रिपोर्टमध्ये दोन शब्द हमखास दिसतात: 'बल्की युटेरस'. घरी त्याचा अर्थ लावला जातो, 'पिशवीला सूज आलीये'. वय चाळिशीच्या आसपास असेल आणि मुलं झालेली असतील तर पुढचा सल्लाही ठरलेला असतो. "काढून टाका, कटकट मिटेल."

पण बल्की युटेरस हे आजाराचं नाव नाही. गर्भाशय नेहमीपेक्षा मोठं दिसतंय, एवढंच ते सांगतं. ते फायब्रॉइडच्या गाठींमुळे मोठं असू शकतं. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं तसंही थोडं मोठंच असतं. आणि तिसरं कारण म्हणजे ॲडेनोमायोसिस, जे आजही बऱ्याचदा निसटतं.

ॲडेनोमायोसिस म्हणजे काय?

गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. पाळीत तेच गळून बाहेर पडतं. ॲडेनोमायोसिसमध्ये या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूच्या भिंतीत शिरलेल्या असतात. हार्मोन्सचा परिणाम तिथेही होतो, आजूबाजूचा स्नायू जाड होतो आणि भिंत फुगत जाते. म्हणून पाळीत जास्त रक्तस्राव, तीव्र वेदना, काहींना संबंधांच्या वेळी दुखणं, तर काहींना गर्भ राहण्यात अडचण असे त्रास होतात. सुमारे एक तृतीयांश जणींना मात्र काहीच जाणवत नाही. हेच अस्तर गर्भाशयाच्या बाहेर वाढलं तर त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. दोन्ही आजार एकाच वेळी असणं नवीन नाही.

आधी पिशवी काढायची, मग निदान

या आजाराचं पहिलं वर्णन कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी १८६० मध्ये केलं. ॲडेनोमायोसिस हे नाव रूढ झालं ते १९२५ नंतर. पण विसाव्या शतकातला बराच काळ खात्रीचं निदान करायचा मार्ग एकच होता: गर्भाशय काढायचं आणि त्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. अस्तर स्नायूत किती खोल गेलंय यावरून १९७२ मध्ये तीन पायऱ्या ठरवल्या गेल्या, त्याही काढलेल्या गर्भाशयावरच.

याचा एक विचित्र परिणाम झाला. गर्भाशय काढलं जायचं ते बहुतेक चाळिशीतल्या, मुलं झालेल्या बायकांचं. त्यामुळे पाठ्यपुस्तकात हा आजारही त्यांचाच ठरला. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये तो दिसायला लागल्यावर लक्षात आलं, की विशीतल्या मुलींनाही तो असतो. 'लग्न झालं की दुखणं थांबेल' असं ज्यांना सांगितलं जातं, त्यांच्यापैकी काहींना प्रत्यक्षात हा आजार असू शकतो.

सोनोग्राफीत नेमकं काय बघतात?

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत भिंतीचे बारकावे नीट दिसत नाहीत. योनीमार्गातून केलेली, म्हणजे टीव्हीएस सोनोग्राफी जास्त उपयोगी पडते. गर्भाशयाच्या सोनोग्राफीत काय आणि कसं नोंदवावं, याबद्दल तज्ज्ञांच्या 'मुसा' गटाने २०१५ मध्ये एक समान भाषा ठरवली. २०२२ मध्ये त्यात सुधारणा करून ॲडेनोमायोसिसच्या खुणांचे दोन गट केले.

थेट खुणा तीन आहेत: स्नायूत दिसणाऱ्या छोट्या पाण्याच्या पिशव्या, स्नायूतली पांढरट बेटं आणि अस्तरातून भिंतीत घुसलेल्या रेषा किंवा कोंब. अप्रत्यक्ष खुणांमध्ये एक भिंत दुसरीपेक्षा जाड असणं, पंख्यासारख्या सावल्या पडणं, रक्तवाहिन्या थेट त्या भागातून जाणं आणि गर्भाशय गोलसर, फुगीर दिसणं अशा गोष्टी येतात. म्हणजे ज्या 'बल्की'वरून घरात निर्णय होतो, ती फार तर एक अप्रत्यक्ष खूण.

फायब्रॉइडशी गल्लतही इथेच होते. फायब्रॉइडच्या गाठीला साधारण स्पष्ट कडा असते आणि रक्तवाहिन्या तिच्याभोवती फिरतात. ॲडेनोमायोसिसला अशी कडा नसते. म्हणूनच ऑपरेशनमध्ये फायब्रॉइड गाठीसारखा सोलून निघतो, हा निघत नाही.

आपल्याकडे अविवाहित मुलींची टीव्हीएस सहसा केली जात नाही. पोटावरून केलेल्या तपासणीत 'नॉर्मल' आलं की विषय तिथेच संपतो. त्रास सुरूच असेल तर अशा वेळी एमआरआयचा पर्याय असतो. त्यात अस्तर आणि स्नायू यांच्यामधला पट्टा बघतात. तो १२ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल तर ॲडेनोमायोसिसची शक्यता बळावते. पण पाळीच्या चक्रात आणि हार्मोनच्या गोळ्यांमुळे हा पट्टा बदलतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावर निदान करत नाहीत. सीए-१२५ ही रक्ततपासणीही इथे निर्णायक ठरत नाही, कारण ती इतर अनेक कारणांनी वाढते.

प्रकार कळल्याने काय फरक पडतो?

२०१९ मध्ये सुचवलेल्या सोनोग्राफीच्या वर्गीकरणात केवळ 'आहे की नाही' एवढंच विचारलेलं नाही. आजार पुढच्या भिंतीत आहे की मागच्या, एका जागी आहे की पसरलेला, आतल्या थरात आहे की बाहेरच्या आवरणापर्यंत पोचलाय, हे सगळं नोंदवायचं असतं. व्याप्ती गर्भाशयाच्या २५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर सौम्य, ५० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. एमआरआयवर आधारलेलं २०१२ मधलं एक वर्गीकरण आतून सुरू होणारा आणि बाहेरून सुरू होणारा आजार वेगळा मानतं. बाहेरच्या प्रकारासोबत एंडोमेट्रिओसिस जास्त आढळतो, त्यामुळे तोही शोधावा लागतो. जगभर सगळ्यांनी मान्य केलेलं एकच वर्गीकरण अजून नाही, आणि रोजच्या रिपोर्टमध्ये यातलं फारसं काही उतरत नाही.

उपचार ठरवताना मात्र हे तपशील लागतात. मूल हवं असेल आणि आजार एकाच जागी असेल तर तेवढाच भाग काढण्याचा विचार होऊ शकतो. पसरलेला असेल तर ते अवघड होतं. वेदनाशामक गोळ्या, रक्तस्राव कमी करणारी औषधं, डायनोजेस्टसारख्या हार्मोनच्या गोळ्या, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन, रक्तवाहिनी बंद करण्याची प्रक्रिया असे पर्याय गर्भाशय न काढता करता येतात. गर्भाशय काढल्यावर आजार जातो हे खरं, पण अंडाशय तसंच ठेवलं तरी पाळी जाण्याचे बदल लवकर सुरू होऊ शकतात.

घाईच्या निर्णयाची किंमत महाराष्ट्राने बीडमध्ये पाहिली आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने केलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यात चाळिशीच्या आतल्या अनेक जणी होत्या. अंगावरून जाणं, पोटात दुखणं अशा तक्रारी घेऊन त्या दवाखान्यात गेल्या होत्या. सुट्टी पडली की मजुरी बुडते, म्हणून कायमचा उपाय त्यांनाही सोयीचा वाटला.

पाळी कायमची थांबल्यावर हा त्रास बहुतेक वेळा आपोआप कमी होतो. त्यामुळे ४८ वर्षांच्या बाईला थोडा काळ औषधांवर काढता येण्यासारखा असतो. तिशीतल्या बाईसाठी तोच काळ पंधरा-वीस वर्षांचा असतो. हार्मोनचं साधनही प्रत्येकीला सारखं लागू पडत नाही. गर्भाशय फार मोठं झालेलं असेल तर ते आपोआप बाहेर पडण्याची शक्यता वाढते, आणि म्हणून ते बसवण्याआधी आकार आणि आतली पोकळी मोजून घेतात.