एका कार्बनचा फरक

जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडजवळच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. त्याआधी २००४ साली विक्रोळीत अशाच दारूने ८७ माणसे दगावली होती. दोन्ही वेळचे विष एकच होते, मिथेनॉल. अशी बातमी वाचली की वर्गात प्रश्न येतो, "पिणाऱ्यांना ते कळले कसे नाही?"

नेहमीच्या दारूत असते ते इथेनॉल. त्याच्या रेणूत कार्बनचे दोन अणू असतात, तर मिथेनॉलच्या रेणूत एकच. दोन्ही द्रव रंगहीन, पाण्यात सहज मिसळणारे आणि वासाला बरेचसे सारखे. मिथेनॉल कारखान्यांत द्रावक म्हणून वापरतात. ते चोरून दारूत मिसळले, तर नाकाला किंवा जिभेला भरवशाने ओळखता येत नाही.

पोटात गेलेले मिथेनॉल मुळात फारसे विषारी नसते. त्याचे विष आपलेच यकृत बनवते! यकृतातील एक विकर (एन्झाइम) इथेनॉलचे रूपांतर ॲसिटाल्डिहाइडमध्ये करते, पुढे त्याचे ॲसेटिक आम्ल होते आणि शरीर ते जाळून टाकते. हेच विकर मिथेनॉलपासून फॉर्माल्डिहाइड तयार करते. त्याचे लगेच फॉर्मिक आम्ल होते. आपल्या शरीरात या आम्लाचा निचरा फार सावकाश होतो. ते साठत जाते, रक्ताची आम्लता वाढते आणि पेशींना ऑक्सिजन वापरता येईनासा होतो. डोळ्यातील दृष्टिपटल व दृष्टिचेता यांना ऊर्जा सतत लागते, म्हणून नजर आधी जाते. अवघ्या १० मिलिलिटर मिथेनॉलनेही कायमचे अंधत्व येऊ शकते.

या सगळ्याला वेळ लागतो. सुरुवातीला साधी नशा वाटते. धूसर दिसणे, पोटात दुखणे, धाप लागणे ही लक्षणे बहुधा १२ ते २४ तासांनी दिसतात. सोबत इथेनॉल प्यायलेले असेल तर आणखी उशिरा. म्हणूनच "काल मी तीच प्यायलो, मला काही झाले नाही" हा पुरावा फसवा असतो.

यावरचा एक उपचार ऐकून विद्यार्थी चकित होतात. रुग्णालयात अशा रुग्णाला मोजून इथेनॉल देतात! विकराची ओढ मिथेनॉलपेक्षा इथेनॉलकडे कितीतरी जास्त असते. ते इथेनॉलमध्ये गुंतले की मिथेनॉल तसेच राहते आणि डायालिसिसने रक्तातून काढता येते. फोमेपिझोल हे औषध विकरालाच अडवते. मात्र हे काम रक्ततपासणीच्या आधाराने डॉक्टरांनीच करायचे असते. घरी आणखी दारू पाजणे हा उपचार नव्हे.

मग शुद्ध दारू निर्धोक का? तसेही नाही. इथेनॉलपासून होणारे ॲसिटाल्डिहाइड पेशींतील डीएनएला इजा करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले. इथे विष सावकाश काम करते, एवढाच फरक.

अल्कोहोलचा धडा शिकवताना एक गोष्ट आवर्जून सांगावी. एकाच ठिकाणची दारू प्यायलेल्यांपैकी एकाला जरी धूसर दिसू लागले, तरी बाकीच्या सर्वांनी, बरे वाटत असले तरी, ताबडतोब रुग्णालय गाठावे. आम्ल साठण्यापूर्वीचे ते थोडे तासच डोळे आणि जीव वाचवू शकतात.