टेस्टरमधल्या ठिपक्याचा मागोवा

गोदाकाठच्या सायखेड्यात ऊस, द्राक्षे आणि कांदा मोटारीच्या पाण्यावर पिकला. वीज आली की नाही, ही पहिली खबर वर्षानुवर्षे टेस्टरमधल्या तांबूस ठिपक्याने दिली. तो निऑनचा दिवा आता मोटारीच्या जुन्या स्टार्टर-पेट्यांबरोबर भंगारात चालला आहे. तो जपायला हवा, कारण शिवारातल्या विजेचा इतिहास त्याने जवळून पाहिला आहे.

१८९८ मध्ये लंडनला विल्यम रॅमसे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी निऑन वायू शोधला. १९१० मध्ये जॉर्ज क्लोद यांनी पॅरिसमध्ये निऑनच्या नळ्या उजळल्या. पुढे दुकानांच्या पाट्या त्यांनी झळकल्या. बारका दिवा मात्र १९१७ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल मॅकफार्लन मूर यांनी घडवला. यात तार तापत नाही. दोन इलेक्ट्रोडलगतचा वायूच उजळतो. १९३० च्या दशकापासून न्यूयॉर्कच्या एरोलक्सने इलेक्ट्रोडना फुला-पाखरांचे आकार दिले. जगभरचे संग्राहक आज तेच दिवे शोधत असतात.

आपल्याकडे १९६० मध्ये राज्य विद्युत मंडळ आले, मग खांब शिवारात पोहोचले. सातपूरच्या तापडियासारख्या कंपन्यांचे टेस्टर वायरमनच्या खिशात आणि शेतकऱ्याच्या घरात दिसू लागले. टेस्टरच्या पारदर्शक मुठीत दिवा, मोठा रेझिस्टर आणि स्प्रिंग एका ओळीत बसतात. टोपीला बोट लावले की अगदी क्षीण प्रवाह अंगातून जमिनीत उतरतो आणि दिवा लागतो. हा ठिपका कधी चकवतोही. तीन फेजपैकी एक गेला तरी मोटारीच्या वाइंडिंगमधून त्या टोकाला व्होल्टेज येते. टेस्टर तिन्हीकडे लागतो, मोटार मात्र नुसती घुमते आणि वेळीच बंद केली नाही तर जळते. म्हणून जाणता माणूस ठिपका किती ठळक आहे, तेही बघतो.

असाच निऑनचा दिवा स्टार्टर-पेटीवर इंडिकेटर म्हणून असे; पुढे स्वस्त एलईडीने त्याची जागा घेतली. २०१६ आणि २०१९ च्या पुरात गोदावरीचे पाणी सायखेड्यात शिरले. पेटी भिजून बदलली की तिच्यातला दिवाही जातो.

हाती आलेला दिवा ओळखायचा तर आधी इलेक्ट्रोड बघावेत. शेजारी उभ्या दोन तारा असतील तर तो साधा इंडिकेटर. अर्धगोल पत्रे किंवा मधमाश्यांच्या पोळ्यासारखे वेटोळे असेल तर दिवा बहुधा जुना. केशरी उजेड निऑनचा, जांभळट आर्गॉनचा. हिरवा असेल तर काचेला आतून फॉस्फरचा लेप असतो. डीसीवर फक्त ऋण इलेक्ट्रोड उजळतो, एसीवर दोन्ही. काच आतून काळवंडली असेल तर दिवा खूप वापरलेला आहे. इलेक्ट्रोडचा धातू उडून काचेवर बसतो. काही दिव्यांच्या टोपीतच रेझिस्टर असतो, काहींत नसतो. त्याची खात्री केल्याशिवाय दिवा थेट मेनला जोडू नये.

एवढी ओळख पटली तरी अर्धेच काम होते. दिवा कोणत्या विहिरीवरच्या पेटीतून निघाला, ती कधी बसवली, हे चिठ्ठीवर लिहून दिव्यासोबत ठेवावे. दिव्याचा प्रकार जगात कुठेही ओळखता येईल. सायखेड्यात त्या दिव्याने कोणाची मोटार राखली, हे सांगणारी पिढी आज गावात आहे. तिला आत्ताच विचारले पाहिजे.